मोहल्ल्याची कढई

मोहिरा भांडारघराला कुलूप लावत होती, तेवढ्यात खुजंद शहराचा तो मेला वारा सुटला. डोक्यावरचा रुमाल उडाला आणि थेट एका परक्या माणसाच्या तोंडावर जाऊन बसला.

"विटांचा साचा मिळेल का?" रुमालाआडून आवाज आला.

"आधी माझा रुमाल द्या!"

"आधी साचा..."

कसला आगाऊ माणूस! पण रुमाल बाजूला झाला, ते हसरे डोळे दिसले — आणि मोहिरानं कुलूप पुन्हा उघडलं.

त्याचं नाव इमोमदोद. डोंगरातलं त्याचं गाव दरडीखाली गेलं, तेव्हा आई नि दोन बहिणींना घेऊन तो इथे आला. मोहल्ल्याच्या टोकाला तंबू ठोकून राहिला. शिडी, फावडी, ताटं, शंभर माणसांच्या पुलावाची कढई, सगळं मोहल्ल्याचं सामायिक. सांभाळायचे मोहिराचे बाबा. पण त्यांची कंबर धरल्यापासून किल्ली तिच्याच कमरेला.

मग काय, हा रोज काहीतरी मागायला हजर! नेलेलं भांडं रिकामं परत करायचं नसतं, ही रीत त्याच्याकडेही होती. चाळणीतून जर्दाळू आले, बादलीतून पुदिना आला. एकदा वाडग्यात नुसता गुळगुळीत दगड.

"हे काय? चावून खायचं?"

"आमच्या ओढ्यातला आहे. आज घरात दुसरं काही नव्हतं... रागावलात?"

"वेडे आहात तुम्ही," ती म्हणाली, आणि रात्री तो दगड उशाशी ठेवून झोपली.

विटा वाळल्या. आता हाशर हवा होता. हाशरला सगळी गल्ली जमते, एका दिवसात घर उभं करते आणि घरवाला सगळ्यांना पुलाव जेवू घालतो. पुलाव नाही तर हाशर नाही. थंडीआधी छप्पर झालं नाही तर त्याच्या आईची अधू छाती तंबूत टिकणार नव्हती. तांदूळ बायकांनी वाटी-वाटी करून जमवला. राहिली फक्त कढई.

"नाही मिळणार," मोहल्ल्याचे प्रमुख सत्तोरकाका चहाखान्यात सगळ्यांसमोर म्हणाले. "कढई आपल्या माणसांसाठी आहे. इथे नातं लागतं. आज ह्याला दिली तर उद्या अख्खा डोंगर येऊन बसेल!"

इमोमदोदनं मान खाली घातली. "राहू द्या. आम्ही जातो पुढे कुठेतरी."

दारात उभ्या मोहिराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चहाखान्यात बाया पाऊल टाकत नाहीत. तिनं टाकलं.

"जातो म्हणे! कुणाला विचारून जाता?" तिनं काकांसमोरचा नान उचलून त्याच्यापुढे धरला. "धर दुसरी बाजू."

सगळ्यांचे चहाचे कटोरे हवेतच राहिले. लग्न ठरतं ते नान मोडून, पण तो दोन्हीकडचे मोठे मोडतात. मुलीनं स्वतः मोडायचा, हे कुणी बापजन्मात पाहिलं नव्हतं.

"मोहिरा... कढईसाठी?" तो पुटपुटला.

"कढईसाठी मी नवरा करीन होय रे? तू दगड आणलास ना, त्या दिवशीच माझं ठरलं. तुझं नसेल तर सांग, नाहीतर धर लवकर!"

"माझं तर रुमालापासूनच ठरलंय," तो म्हणाला. त्यानं धरला. नान मोडला.

"असलं आम्ही मानत नाही!" सत्तोरकाका ओरडले. "मोठ्यांचा हात लागला का?"

कोपऱ्यातून बाबा कंबर धरून उठले. बाबांनी लेकीच्या हातातल्या नानाचा तुकडा मोडला, तोंडात टाकला, सावकाश चावला.

"लागला," ते म्हणाले. "जावयाच्या घरी हाशर आहे. उठा रे, कढई उचला!"

शुक्रवारी भिंती उभ्या राहिल्या, छप्परही चढलं. सत्तोरकाका कुरकुरत आले, वासे पारखून निवडले, दोन ताटं पुलाव हाणून गेले. उन्हं कलली तसा इमोमदोद कढई घासायला बसला.

"रिकामी परत आणलीस तर बघ," मोहिरानं दम दिला.

"एवढी मोठी कढई भरू कशानं? सगळं संपलं. उरलोय फक्त मी."

"मग तूच बैस आत," ती म्हणाली. "उचलायला अख्खी गल्ली आहे."