तुराटीच्या मापाचा चेहरा

अख्ख्या वऱ्हाडात भुताचा फोटो काढणारा पहिला माणूस मी, नत्थुजी फोटोवाला. ते भूत म्हणजे आमचा खुशालराव होता, तोंडाला ज्वारीचं पीठ फासलेला, आणि ऐन वेळी शिंकला म्हणून फोटोत त्याला दोन नाकं आली. तरी तो फोटो पाहून जुन्या शहरातल्या तिघांनी मारुतीला नारळ फोडले. त्यातला एक खुशालरावाचा सख्खा सासरा.

असल्या भानगडी मी जन्मभर केल्या. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तरच्या टोपीत बेडूक ठेवला त्या दिवशी संपली. म्हणून आता जे सांगतो ते ऐकताना लोक पीठ शोधतात. तुम्ही दिवा जरा इकडे सरकवा. माझं तोंड दिसलं पाहिजे, म्हणजे हसतो की नाही ते कळेल.

माझी फोटोची खोली मोर्णा नदीच्या काठाला, माडीवर होती. वर टिनाचं छप्पर, उत्तरेच्या अंगाला काचा. ऊन पडलं की फोटो, ढग आले की पत्ते. पौषातली गोष्ट. सकाळी अकराच्या सुमाराला जिन्यावर पावलं वाजली आणि मेथीचा वास आला. वासावरूनच ओळखलं, तानुबाई. नदीपलीकडे तिचा भाजीचा मळा होता. डोळ्यांत दोन्हीकडे मोतीबिंदू, तरी गवार बोटांनी चाचपून जून का कोवळी ते सांगायची. मागे तिची सून जमुना, हनुवटीपर्यंत पदर ओढलेली.

"नत्थू बापा, हा फोटो वापस आला पाहाय," म्हातारीनं कागद पुढे केला.

अमरावतीला कोणाकडून तरी काढून आणलेला फोटो. जमुना नखशिखांत उभी, शेजारी टेबल, टेबलावर कागदी फुलं, फुलांवर मेलेला राघू पेंढा भरून. जमुनाचा चेहरा म्हणाल तर मसुरीच्या डाळीएवढा. नागपूरच्या पासपोर्टाच्या कचेरीनं मागच्या बाजूला इंग्रजीत लिहून तो परत पाठवला होता, आणि कोणा शेटजीच्या मुनिमानं त्याचा अर्थ सांगितला होता. चेहरा मोठा पाहिजे, बरोबर मधोमध पाहिजे, आणि चौकटीत दुसरं काही नको.

"मावशी, पासपोर्ट सूनबाईचा काढाचा हाय का राघूचा?" मी म्हटलं.

दोघी हसल्या नाहीत. मग तानुबाईनं सांगितलं. तिचा देवीदास तीन वर्षांपासून मोंबासाला एका कच्छी शेटजीच्या बंगल्यावर माळी होता. ताप हाडात बसला होता. दुसऱ्याच्या हातचं पत्र आलं होतं, डोळे उघडे आहेत तोवर घरचं कोणी येऊन जा. शेटजीची मंडळी पुढल्या आठवड्यात मुंबईहून बोटीत बसणार होती, त्यांच्या सोबतीनं जमुना जाऊ शकत होती. एकट्या बाईला कोण नेतं. मुनीम त्याच संध्याकाळच्या गाडीनं कागद घेऊन नागपूरला जायचा होता.

"मले दिसत नाही बापा. मी जाऊन त्याचं तोंड कशी पाहू? हिलेच जा लागते."

जमुना एवढंच बोलली, "भाऊ, आज झालाच पाह्यजे."

पासपोर्टच्या फोटोसाठी मी एक युक्ती केली होती. तुराटीची, तुरीच्या वाळल्या दांड्याची, एक काडी नेमकी कापून ठेवली होती. कॅमेऱ्याच्या घासलेल्या काचेवर माणूस उलटा दिसतो, पाय वर, डोकं खाली. त्या उलट्या तोंडावर काडी ठेवायची. हनुवटीपासून केसांपर्यंत काडी बसली की माप बरोबर. नाही बसली तर स्टूल पुढे-मागे. काडी खोटं बोलत नाही, असं मी तेव्हा म्हणायचो.

जमुनाला स्टुलावर बसवलं, पदर मागे घ्यायला लावला. गालावर देवीचे वण होते. "एरवी हे वण पेन्सिलीनं असे बुजवले असते, का सोयरीक जमली असती," मी म्हटलं, "पण पासपोर्टवर पेन्सिल चालत नाही." एवढं बोलून मी काळ्या कापडात शिरलो. काडी बसली. पण गळ्यात काहीतरी चमकत होतं, त्याची तिरीप थेट काचेवर येत होती.

काळ्या दोऱ्यात ओवलेली चांदीची पुतळी होती ती. बोटाच्या पेराएवढी बाई, नाक-डोळे कोरलेली. तुम्हाला माहीत असेलच. पहिली बायको मेली आणि दुसरी केली की दुसरीनं पहिलीची पुतळी गळ्यात घालायची. नवं लुगडं आधी तिला दाखवायचं. जेवताना पहिला घास तिच्या तोंडाला लावायचा.

"हे काढ," मी म्हटलं.

"तिले काढत नसतात," तानुबाई म्हणाली. "देवीदासची पहिली, शकुन हाय ते. माही मोठी सून."

"चौकटीत दुसरं कोणी नको म्हणते नागपूरवाला. का तिचाबी पासपोर्ट काढाचा?"

हे मी बोललो. माझ्या तोंडाला कुंपण नव्हतं. जमुनानं सासूकडे पाहिलं, मग काचेतून येणाऱ्या उन्हाकडे, आणि दोरा डोक्यावरून काढला. मी पुतळी पडद्यामागच्या खिळ्याला अडकवली.

डब्यात फोटो उतरवायच्या चारच काचा उरल्या होत्या. नवा डबा मुंबईहून शनिवारी यायचा होता. पासपोर्टाला एक काच पुष्कळ झाली, असा माझा हिशेब.

अंधारखोलीत लाल काचेचा कंदील लावला, औषधाच्या तबकात काच सोडली. हळूहळू चित्र वर आलं. जमुना डाव्या कडेला होती, कान चौकटीबाहेर गेलेला. उजवी अर्धी काच मोकळी, नुसता पडदा.

बाहेर येऊन मी म्हटलं, "सूनबाई, तू सरकली."

"नाही भाऊ, मी नाही सरकली."

मग मी स्टुलाच्या पायांभोवती खडूनं गोल ओढले. कॅमेऱ्याच्या भिंगापासून तिच्या नाकापर्यंत सुतळी ताणून पाहिली. उलट्या काचेवर ती बरोबर मधोमध, काडी अगदी चपखल. दुसरी काच. आता डाव्या कडेला अर्धाच चेहरा, आणि तोही लहान, काडीच्या पाऊणपट. जणू कोणी तिला मागे-मागे आणि एका अंगाला रेटत नेलं असावं. उजवीकडच्या पडद्याला मध्ये खळगा पडलेला, कोणी टेकून उभं राहिल्यावर पडतो तसा.

मी बाहेर येऊन पडदा पाहिला. इस्त्री केल्यासारखा सरळ होता.

"नत्थू, आज थट्टा नोको करू रे," तानुबाई म्हणाली. "तुले साऱ्या गावात दुसरा धंदा नाही, ठाऊक हाय मले. पण आज नोको. माहा पोरगा मरून राह्यला तथी."

"मावशी, तुह्या पायाची आण. मी काही नाही केलं."

माझी आण कोण खरी मानणार. खुशालरावाचं भूत तिच्याच घरच्या पिठाचं होतं.

तीन वाजले. पौषातलं ऊन, काचेवरून घसरायला लागलेलं. तानुबाई स्टुलामागे खाली बसली, चौकटीबाहेर, आणि सुनेची कंबर दोन्ही हातांनी घट्ट धरली. मी तीन मोजून भिंगाचं टोपण लावलं. टिन तापून मघापासून कडकड वाजत होतं, ते त्या वेळी थांबलं होतं. नदीवरच्या धोबिणींचाही आवाज येत नव्हता.

"हलली काय?" मी विचारलं.

"नाही हलली." म्हातारी हात पदराला पुसत होती. "पण माह्या हातावर... कोणीतरी हात ठेवला. थंडा हात."

तिसरी काच तबकात सोडली. औषधाचा वास रोजचाच, त्यात आज बासी भाकरीचा वास मिसळलेला. चित्र आलं. डाव्या कडेला जमुनाचा नुसता एक गाल, वण असलेला. आणि मधोमध, बरोबर जिथे चेहरा पाहिजे तिथे, पदर घेतलेलं एक डोकं. माप काडीचं. पदराच्या आत काही नव्हतं. मोकळी काच.

दाराबाहेरून जमुनाचा आवाज आला, अगदी हळू. "भाऊ... आली काय?"

"कोण?"

"फोटो... फोटोचं म्हनून राह्यली मी."

मी दार उघडलं. मला एकही चेष्टा सुचली नाही, आणि माझ्या उभ्या जन्मात असं तेव्हाच झालं. काच तिच्यापुढे धरली. तिनं पाहिली. घाबरली नाही, भिंतीला टेकून खाली बसली.

"दुपारचा घास राह्यला तिचा," ती म्हणाली. "मी सकाळपासून जेवली नाही, अन् तिले बी नाही देला. काढून टाकलं तिले. तिचाबी तर नवराच हाय तो."

तिनं खिळ्यावरची पुतळी काढून गळ्यात घातली. तानुबाईच्या टोपलीतली भाकरी सोडली, तुकडा मोडला, पुतळीच्या तोंडाला लावला. मग हात जोडून पुतळीशी बोलली, जशी बाजारात एक बाई दुसरीशी बोलते. "माय, माही वाट नोको अडवू. मले त्याले एक खेप पाहू दे. तुले पाहाचं असन तर तूबी चाल. पण मले जाऊ दे."

तानुबाई रडत होती. मी उरलेली एकच काच घेऊन कॅमेऱ्यापाशी गेलो. चमक पडली तर पडो. ऊन काचेच्या शेवटच्या पट्टीवर आलं होतं. काडी बसवली, मधोमध पाहिलं, टोपण काढलं. सावकाश मोजलं.

चौथी काच निर्दोष आली. चेहरा मधोमध, दोन्ही अंगांना सारखी जागा, हनुवटीपासून केसांपर्यंत काडी तंतोतंत. या खेपेला चौकट पुतळीच्या वरच संपत होती. काचेवर काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं असतं, ओळख कोणाची पटते. मी चारदा माप घेतलं. उरल्यासुरल्या उन्हात कागद छापला, ओल्या फोटोच्या कडा कापल्या आणि पाकिटात घालून अनवाणी स्टेशनवर धावलो. मुनीम डब्यात चढला होता. खिडकीतून पाकीट दिलं.

पासपोर्ट आला. तो शेटजींकडेच राहिला. जमुना गेली.

पुढल्या महिन्यात काचा आवरताना चौथी काच उजेडाकडे धरली. गाल साफ होता. एकही वण नाही. मी पेन्सिल लावली नव्हती, लावायला वेळच कुठे होता. उजेडाचा दोष असेल, असं स्वतःला सांगितलं आणि काच फडताळात अगदी मागे ठेवली.

दोन वर्षांनी, भर दुपारी, जिन्यावर पावलं वाजली. मेथीचा वास नव्हता. तानुबाई आदल्या उन्हाळ्यात वारली होती. दारात जमुना, पांढरं लुगडं, हनुवटीपर्यंत पदर.

"ये सूनबाई. देवीदास..."

"मी गेल्यावर आठ दिवस जगले. मी दवाखान्याच्या दारात उभी राह्यली, तर म्हणाले, शकुन, तू आली. मी म्हटलं, मी जमुना व्हय. तर हसले. म्हणाले, तिले काहून नाही आणलं सोबत?"

मी तिच्या गळ्याकडे पाहिलं. दोरा नव्हता.

"पुतळी कुठी हाय?"

"आता गळ्यात ठेवाची गरज नाही तिले."

टिन वाजायचं थांबलं. मला ती शांतता ओळखीची वाटली. मी उठून फडताळातून ती काच काढली आणि तिच्यापुढे धरली. "बोटीवर चढताना साहेबानं फोटो नाही पाह्यला काय?"

"पाह्यला. मले पदर काढाले लावला. फोटो पाह्यला, तोंड पाह्यलं, अन् शिक्का मारला."

खोड जात नाही. मी हसून म्हटलं, "म्हंजे त्या गोऱ्यापेक्षा मीच येडा. मले तर या काचेत दुसरीच बाई दिसते."

तिनं काचेकडे पाहिलं नाही. पदराच्या काठाला हात लावला.

"तुमी त्या दिवशी माप पाह्यलं, भाऊ. तोंड कुठं पाह्यलं. आता पाहा."