रुईची की घोळीची?

"हलू नकोस! श्वाससुद्धा घेऊ नकोस!" संयोगिता कुजबुजली.

विश्वजितने मोबाईल पुढे धरला आणि नेमका तेव्हाच शिंकला. केशरी फुलपाखरू भुर्रकन देवळाच्या कळसावर!

"विश्या!"

"मी काय मुद्दाम शिंकलो?"

"आधीचे सगळे फोटोही तू असेच घालवलेस!" धाकटी राजनंदिनी चिडून म्हणाली.

दिवाळीच्या सुट्टीत ही तिन्ही भावंडं वडूजजवळच्या वाडीत आजोळी आली होती. मारुतीच्या देवळामागे लालासाहेब आजोबांची बाग होती. सैन्यातून निवृत्त झालेले आजोबा रोज आंघोळ करून मारुतीला हात जोडत आणि मग खुरपं घेऊन बागेत शिरत. तण म्हणून काही उरू देत नसत. रुईला मात्र हात लावत नसत, कारण शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालायची. त्या रुईवर केशरी फुलपाखरं अंडी घालत. त्यांचं नाव प्लेन टायगर. आजोबांना त्यांचा केवढा अभिमान! पण यंदा बागेत केशरी पंख कमीच दिसत होते.

"तुमीच पकडापकडी करून पळवली!" आजोबा पोरांवर कडाडले होते. "सुट्टी संपायच्या रविवारी पाण्याच्या टाकीभोवती फरशी घालतोय. मग बागेत कुणी पाय ठेवायचा न्हाई!"

संयोगिताला हे मुळीच पटलं नव्हतं. तिनं एकाही फुलपाखराला बोट लावलं नव्हतं! शिवाय तिनं एक वेगळीच गोष्ट पाहिली होती. एक केशरी फुलपाखरू रुई सोडून टाकीपाशी गेलं आणि तिथल्या घोळीवर अंडी घालू लागलं. घोळ म्हणजे तीच, भाजी करतात ती.

"चुकून घातली असतील," विश्वजित म्हणाला.

"पिल्लं काय खाणार, हे आई कशी विसरेल रे?"

मोबाईलवर शोधशोध केल्यावर नाव सापडलं, डॅनेड एगफ्लाय! प्लेन टायगर कडू असतं, पक्षी ते खात नाहीत; म्हणून त्यांना चकवायला एगफ्लायची मादी हुबेहूब त्याचं रूप घेते. फरक एवढाच, की प्लेन टायगरच्या मागच्या पंखावर मधोमध तीन-चार काळे टिपके असतात. हिच्या मागच्या पंखाला मात्र वरच्या कडेशी एकच. एगफ्लायचा नर तर अगदीच वेगळा, काळा!

झालं! फरशी पडली, तर घोळ जाणार आणि ही फुलपाखरंही! तेव्हापासून तिघं टिपक्यांच्या मागे लागली. फोटो हलायचा, नाहीतर फुलपाखरू पंख मिटायचं. एखादा नीट आलाच, तर त्यात तीन टिपके!

"फुलपाखरू हाय का पत्त्यांचा डाव?" पोरांचं टिपक्यांचं गणित ऐकून आजोबा हसले. "दोन्ही एकच हायती. उगं डोस्कं खाऊ नका!"

मग पोरांनी घोळीवरच्या काळ्या, काटेरी अळ्या बरणीत ठेवल्या. दुपारी बघतात तो काय, बरणी धुऊन उन्हात पालथी!

"कोवळी घोळ हुती गं लय," रंगुबाई आजी शांतपणे म्हणाली. "उपास सोडायला भाजी केली. अळ्या झाडल्या टाकीमागं."

"आपला पुरावा फोडणीत गेला!" राजनंदिनीला रडूच कोसळलं.

संयोगितानं रागानं पाय आपटला. पण मग तिनंच राजनंदिनीचे डोळे पुसले आणि टाकीमागच्या गवतातून अळ्या पुन्हा शोधल्या. "आता बरणी अशा जागी ठेवू, की कुणी हात लावणार नाही आणि आजोबांना ती रोज दिसेल!"

बरणी गेली मारुतीच्या कोनाड्यात, पणतीशेजारी!

"देवापाशी हे काय ठेवलंय?" आजोबांनी विचारलं.

"फक्त घोळ आणि अळ्या आहेत. तुम्हीच बघा ना रोज!"

देवापाशी ठेवलेलं हलवायचं कसं? आजोबा गुरगुरले, पण रोज पूजेच्या वेळी बरणीत डोकावू लागले. अळ्यांचे कोष झाले, तेव्हा तर तेच ओरडले, "आवाज करू नका रं!"

शेवटच्या शनिवारी आजोबा रुईची माळ घेऊन आले, तर एक कोष उकलला होता. ओले केशरी पंख हळूहळू पसरत होते.

"ही तर रुईची!" आजोबा म्हणाले.

"मग बरणीत रुईचं पान कुठंय, आजोबा?"

आजोबांनी चष्मा चढवला. आत घोळीच्या काड्या होत्या. पंखाच्या कडेला टिपका एकच. तेवढ्यात दुसऱ्या कोषातून काळं फुलपाखरू निघालं. त्याच्या पंखांवर पांढरेशुभ्र चंद्र होते आणि त्यांना जांभळी झाक.

"हा नर!" राजनंदिनीनं उडीच मारली.

माळ हातातच राहिली. "म्हंजे रोज घोळ मीच उपटत हुतो," आजोबा सावकाश म्हणाले. "त्या काटेरी अळ्या बी कीड म्हणून मीच झाडल्या. अन् बोल लावला पोरास्नी."

त्यांनी संयोगिताच्या डोक्यावर हात ठेवला. "शाब्बास गं! सुभेदाराची नजर चुकली, तुजी न्हाई. बागेत कवा बी या."

रविवारी फरशीवाले आले तसे परत गेले. घोळीभोवती दोरी बांधली गेली. रंगुबाई आजी विळी घेऊन आली, तर आजोबांनी तिलाही अडवलं! "हात लावायचा न्हाई! बाजारातनं आणतो तुला भाजी."

तेवढ्यात घोळीच्या दोरीवर एक केशरी फुलपाखरू बसलं.

"बघ, रंगू!" आजोबा छाती फुगवून म्हणाले. "ही घोळीची! लांबनं वळखली म्या!"

राजनंदिनी वाकली. "आजोबा, तीन टिपके. रुईची आहे."

"आं? थांब, नीट बघू दे!"

फुलपाखरानं पंख मिटले.

"आरं, उघड की!" आजोबा दोरीपाशी उकिडवे बसले. "लय वैताग हाय गड्या ह्यो!"

"आम्हाला काय सांगता!" तिघंही एकदम ओरडली आणि आजोबांशेजारी उकिडवी बसली.