उचललं नाही ते बोट

सहा पंचविसाला फोन आला तेव्हा नोरीन मुलीचा, टेसचा, शाळेचा डबा भरत होती. रस्त्याच्या कामावर पाटी धरून वाहनं थांबवणाऱ्या लेलंडला पिकअप ट्रकनं उडवलं होतं. काउंटी पोलिसांत तिची अकरा वर्षं गेली होती, तरी डब्याचं झाकण तिला लवकर लागेना.

लेलंड नारिंगी जाकिटातच निष्प्राण पडला होता. 'थांबा'ची पाटी शेजारी वाकलेली, आणि रस्त्यावर ब्रेकची एक खूणही नाही. ट्रक पुढं चरात गेलेला. त्याला टेकून ओळखीचा शेतकरी वर्लिन उभा होता. सव्वासहा फुटांचा गडी, पण पार खचलेला.

"मी चालवत होतो. दूध आणायला निघालो होतो."

"प्यायला होतास?"

"नाही गं."

श्वासाच्या यंत्रावर शून्य आलं. डोळेही स्वच्छ. उघड्या गळ्यापाशी उजव्या खांद्यावर सीटबेल्टच्या पट्ट्याचा लाल वळ उठला होता.

पलीकडं दुसरी पाटी धरणारा कामगार उभा होता. "गाडी अक्षरशः रांगत आली. ताशी वीस मैलांच्या वर वेग नसेल. चालवणाऱ्याचे दोन्ही हात स्टिअरिंगला गच्च. इथं सगळेच स्टिअरिंगवरून एक बोट उचलून रामराम करतात, मला बोटसुद्धा उचललं नाही!"

"चेहरा पाहिलास?"

"चेहरा कोण बघतं? आपण बोटच बघतो. मी लेलंडकडं धावलो. मान वर केली, तर वर्लिन ट्रकपाशी एकटाच."

नोरीन ट्रकात बसली. गुडघे स्टिअरिंगला आपटले.

वर्लिनचं घर शेतापलीकडं, अर्ध्या मैलावर. त्याची बायको कॉरिन शाळेची बस चालवायची. आज ऐनवेळी 'बरं नाही' असं कळवून तिनं सुट्टी टाकली होती. दारात चिखलाचे ओले बूट होते. मे महिन्यात तिनं गळाबंद स्वेटर घातला होता. डोळे लाल, नजर कुठं ठरत नव्हती. ओट्यावर गांजाच्या गोळ्यांची डबी, इथं दुकानात कायदेशीर मिळते ती, गुडघेदुखीवरची.

"किती घेतल्यास?"

"वर्लिननं सांगितलं ना तुला?"

"तो खोटं बोलला, कॉरिन. आणि मी ते चालू दिलं तर तो तुरुंगात जाईल नि तू सोमवारी परत बसवर." नोरीन खुर्ची ओढून बसली. "चालवणारा डावीकडं बसतो, त्याचा पट्टा डाव्या खांद्यावरून येतो. वर्लिनचा वळ उजव्या खांद्यावर आहे, म्हणजे तो शेजारी बसला होता. सीट इतकी पुढं, की त्याचे पाय मावणार नाहीत. दारू प्यायलेला माणूस गाडी पळवतो. ही रांगत होती, आणि तरी समोरचा माणूस चालवणाऱ्याला वेळेत दिसला नाही. वर्लिन तर अनोळखी माणसालाही बोट उचलतो. स्वेटर खाली कर."

गळ्याच्या डाव्या बाजूला पट्ट्याचा जांभळा वळ होता.

कॉरिन रडली नाही. "पाचला एक घेतली. पावणेसहापर्यंत काहीच वाटेना. म्हटलं, जुनी झाली असेल, म्हणून दुसरी घेतली. निघताना मी ठणठणीत होते, नोरीन, देवाशपथ. डेपोपर्यंत मी चालवणार होते, पुढं तो ट्रक घेऊन शेतावर जाणार होता. मग रस्ता लांबतच गेला. लेलंड दिसला, पण तो खूप दूर आहे असं वाटलं."

"पोटातून घेतलेली चढायला दोन-दोन तास लागतात. डबीवर लिहिलंय."

"माहितेय. तरी घेतली." तिनं हात पुढं केले. "त्याला सोड. मला पळ म्हणाला, आणि मी पळाले."

नोरीननं बेड्या काढल्या.

"पावणेसातला तू बस काढली असतीस," ती म्हणाली. "पहिला थांबा कुठला?"

कॉरिन बेड्यांकडं बघत म्हणाली,

"तुझ्या फाटकापाशी. टेस."