उभी राहिली की तापते

खरं तर तो तिच्या गॅरेजात येणारच नव्हता. पलीकडच्या रस्त्यावरचं त्याचं नेहमीचं गॅरेज नेमकं त्या दिवशी बंद होतं, आणि पिकअपच्या तापमानाचा काटा लाल रेघेला टेकायला आला होता. अडला हरी... पुढचं म्हणायला नको. तो वळला आणि थेट तिच्यासमोर येऊन थांबला.

गॅरेज तिच्या वडिलांचं. इंजिनाची कामं बाबा बघत. एसी आणि रेडिएटर गेल्या वर्षापासून तिच्याकडे आले होते. आले होते म्हणजे भांडून घेतले होते. "मुलगी बघणार गाडी?" म्हणून कपाळाला आठ्या घालणारी गिऱ्हाइकं अजून यायची, आणि त्यांच्यापेक्षा बाबांचाच जीव जास्त टांगणीला लागायचा. दोन-चार कामं चुकली की आपली रवानगी पुन्हा फोन उचलायच्या खुर्चीवर होणार, हे ती ओळखून होती.

"काय होतंय?" तिने विचारलं.

"चालत असली की झकास. उभी राहिली की तापते. एसीतून गरम वारा, आणि काटा वर वर."

"गाडीच ना?"

त्याने दचकून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण डोळ्यांत होतं.

"गाडीच," तो म्हणाला. "माझं म्हणाल तर... मी उभा राहिलो तरी थंडच असतो. आत्तापर्यंत तरी होतो."

उभ्या गाडीचा आजार उभ्या गाडीतच कळतो. तिने त्याला शेजारी बसवलं, काचा वर केल्या, डॅशबोर्डवरच्या एसीच्या जाळीत लहानसं थर्मामीटर खोचलं आणि इंजिन चालू ठेवलं. आता नुसतं बसायचं. दोन काट्यांकडे बघत, काहीही न करता, वीस मिनिटं. अनोळखी माणसाशेजारी वीस मिनिटं गप्प बसणं फार अवघड असतं, आणि त्या दोघांना ते जमलंही नाही.

तो गाद्या-उश्या शिवून घरोघर पोचवायचा. दुकान आईचं, गाडी त्याची. त्याच्या बाहीला, भुवईला, कानामागे कापसाचे तंतू अडकलेले होते. कानामागचा तंतू काढून टाकावा असं तिला दोनदा वाटलं. ती हात मांडीखाली घेऊन बसली.

"गादीवाल्यांना झोप छान लागत असेल," ती म्हणाली.

"आजवर लागायची. आज काय होतं बघू—"

"म्हणजे?"

"काही नाही... काटा बघा, डॉक्टरीणबाई. चढतोय."

आजार सापडला. गाडीच्या तोंडाशी एसीची जाळी, तिच्यामागे रेडिएटर, आणि दोन्हींच्या मधल्या फटीत कापसाचा असा थर बसला होता की उशी शिवून झाली असती. धावत्या गाडीत वारा कसाबसा आत घुसायचा. उभ्या गाडीत पंखा एकटा पडायचा. तिने पंखा काढला, पाइपने दोन्ही जाळ्या धुतल्या. धुताना तो मुद्दाम इतका जवळ उभा राहिला की अर्धा भिजला, आणि "बघा, मीही थंड झालो" म्हणाला. तिने पंखा परत बसवला, त्याच्या वायरीचा प्लग दाबला. पुन्हा वीस मिनिटं दोघं गाडीत बसली. या वेळी काटा जागचा हलला नाही. तिला त्याचं थोडं वाईटच वाटलं.

पाचव्या दिवशी पिकअप परत दारात. "तापते," तो म्हणाला. तिने बॉनेट उघडलं तर पंख्याचा प्लग सुटून लोंबत होता. आपणच नीट बसवला नसणार. बाबांनी लांबूनच पाहिलं आणि काही बोलले नाहीत, आणि ते न बोलणं तिला दिवसभर टोचत राहिलं. तिने प्लग बसवला, त्याच्या खटक्याचा टक् आवाज ऐकला, दोनदा ओढून पाहिला. मग खात्रीसाठी वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत त्याने तिला हसवून हसवून बेजार केलं, आणि जाताना म्हणाला, "गाडी बिघडली की बरं वाटतं, असं कधी झालं नव्हतं."

आठवडाभराने तो तिसऱ्यांदा आला.

"सकाळपासून तापतेय."

बाबा हात पुसत पुढे आले. "ही तिसरी वेळ. आता मी बघतो."

"एकदा मला बघू द्या, बाबा."

तिने दार उघडलं आणि थबकली. सकाळपासून तापणाऱ्या गाडीत सीट गार होती. पाण्याच्या बाटलीवर अजून थेंब जमलेले होते. काटा मध्यावरही पोचला नव्हता. तिने बॉनेट उघडलं. प्लग पुन्हा लोंबत होता, आणि त्याच्या खटक्यावरच्या धुळीत दोन बोटांचे ताजे, स्वच्छ ठसे होते. एका ठशाला कापसाचा तंतू चिकटला होता.

तिने वळून पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. कान लालबुंद.

आधी तिला आनंदच झाला, खोटं कशाला बोला. पोटातून हसू वर आलं. हा माणूस कोपऱ्यावर गाडी थांबवतो, प्लग उपटतो आणि तोंड पाडून आपल्या दारात येतो... कशासाठी, तर वीस मिनिटांसाठी.

"पुन्हा प्लगच?" मागून बाबा म्हणाले. "एक प्लग घट्ट बसवता येत नाही? फोनवर बस उद्यापासून."

हसू तिथल्या तिथे विरलं. आठवडाभर ती स्वतःच्या बोटांवर संशय घेत होती. जेवताना घास हातात तसाच राहायचा. आणि याला गंमत सुचत होती.

तो घाईने पुढे झाला. "यांची चूक नाही. माझ्याच गाडीला धक्के फार बसतात."

तिने बाबांना काही सांगितलं नाही. तेवढं त्याला वाचवलं. पण त्याच्याकडे वाकून "गादीवाले, नुसते आलात तरी चालेल" एवढं एक वाक्य म्हणायचं होतं, तेही म्हटलं नाही. तिने प्लग बसवला, त्याभोवती नायलॉनच्या दोन पट्ट्या करकचून आवळल्या आणि पक्कडीने शेपट्या छाटल्या.

"आता नाही निघणार," ती बाबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली.

"अजिबात?" त्याने विचारलं.

"कापल्याशिवाय नाही. तुम्हाला आता इकडे यायची गरज नाही."

तो पट्ट्यांकडे बघत राहिला, मग तिच्याकडे. "बरं झालं," तो म्हणाला. "उगाच त्रास दिला तुम्हाला." गाडी सुरू झाली आणि वळणावर दिसेनाशी झाली.

प्लग पुन्हा सुटला नाही. खुर्चीची गोष्ट बाबांनी पुन्हा काढली नाही. तिचं काम शाबूत राहिलं, आणि तिला त्याचं सुख म्हणून काही लागेना. काम झालेल्या गिऱ्हाइकाला आठव्या दिवशी फोन करायची गॅरेजची रीत होती. तो फोन तिने बाबांवर ढकलला. "उत्तम चाललीय म्हणाला," बाबांनी सांगितलं. ती मान खाली घालून नळ्या मोजत राहिली. यायचं असेल तर येईल, माणसाला काय निमित्त लागतं? असं ती रोज स्वतःला समजवायची, आणि पिकअपचा आवाज आला की हातातलं टाकून बाहेर बघायची. दुसऱ्याला न आल्याबद्दल बोल लावणं सोपं असतं. येऊ नका म्हणणारं तोंड आपलंच होतं, हे पचायला तिला अडीच महिने लागले.

मग एका दुपारी बाबा सुटे भाग आणायला गेले असताना तिने फोन लावला.

"गॅरेजमधून बोलतेय. गाडी... बरी आहे ना?"

"बरी आहे. उभी राहिली तरी तापत नाही."

"मला कळलं होतं," ती म्हणाली. "प्लग तुम्ही काढायचात ते. तिसऱ्या वेळी."

"आणि तरी आवळलात?"

"राग आला होता. बाबा मला कामावरून काढायला निघाले होते."

"हे मला तिथेच उभ्या-उभ्या कळलं," तो हळू म्हणाला. "लाज वाटली. वाटलं, हिला आपण नकोच आहोत, वर हिचं नुकसान करतोय. म्हणून आलो नाही. नाहीतर चौथ्या वेळी मी... बोलणारच होतो."

"मीच चौथी वेळ येऊ दिली नाही."

मग त्याने सांगितलं. आईच्या मैत्रिणीची मुलगी. पुढच्या महिन्यात त्यांचं लग्न.

"चांगली आहे?"

"फार चांगली आहे. तिला यातलं काही माहीत नाही."

"मला तुम्ही आवडला होतात," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी. हे सांगायलाच फोन केला, गाडीचं विचारायला नाही."

"लग्नाच्या आधी गाडी एकदा दाखवायला आणू?" त्याने विचारलं. "शेवटची."

तिला हो म्हणायचं होतं. वीस मिनिटं. काचा वर करून, शेजारी शेजारी, नुसतं बसायचं. होकार अगदी ओठांवर आला होता.

"नका येऊ," ती म्हणाली.

पहिल्यांदा हे ती रागाने म्हणाली होती आणि तो मुकाट्याने निघून गेला होता. या वेळी शब्दांत राग नव्हता, आणि ते त्याला कळलं.

"नाही येत," तो म्हणाला.

तरी पुढची कितीतरी मिनिटं दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही.