थांबा हं, उठवते

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. पटत नसेल तर वाचू नका, कुणी हात धरलेला नाही. ज्यांच्या बाबतीत घडली, त्यांना तरी कुठे पटली होती?

त्यांना आपण सर्वज्ञ म्हणू. ऑफिसात त्यांच्या पाठीमागे हेच नाव चालतं. तोंडावर सगळे 'सर' म्हणतात. जगात एक आपण शहाणे आणि बाकी सगळे बावळट, अशी सर्वज्ञांची पक्की खात्री होती.

आणि हो, रात्रबित्र नव्हती. दिवे गेले नव्हते. मंगळवारची दुपार, तिसरा मजला, एसी चालू. सर्वज्ञ चहात बिस्कीट बुडवत होते. भुताला शोभेल असं तिथे काहीच नव्हतं.

धाकट्या बहिणीचा फोन आला. बहीण डॉक्टर. तिच्या दवाखान्याचे फोन घ्यायला सर्वज्ञांनी एक प्रोग्रॅम बनवून दिला होता. पेशंटने फोन केला की मशीन बोलणार, नंबर लावून देणार, तातडीचं असेल तर डॉक्टरला जोडून देणार.

"दादा, मशीनवर कुणी बाई बसवलीस का?"

"मशीनवर बाई? अगं, ते काय स्टूल आहे?"

"चेष्टा नको. पेशंट सांगतात, फोन लागला की आधी एक बाई बोलते. मग तुझा तो माणूस."

तो माणूस म्हणजे मशीनचा आवाज. पुरुषी, गोड, सर्वज्ञांनी स्वतः निवडलेला.

"काय म्हणते बाई?"

"म्हणते... थांबा हं. झोपलाय तो. उठवते."

सर्वज्ञ खो खो हसले.

"तुझे पेशंट तापात फोन करतात. तापात माणसाला काहीही ऐकू येतं."

"सकाळी एका पोराला फिट आली होती, दादा. त्याची आई फोन कानाला लावून बसून राहिली. बाई उठवते म्हणाली म्हणून थांबले, म्हणते. शनिवारपर्यंत काय ते शोध. नाहीतर तुझं मशीन काढते आणि फोनवर जिवंत माणूस बसवते."

हे मात्र झोंबलं. सख्ख्या बहिणीने मशीन काढलं तर ऑफिसात नाक कापलं जाणार.

आता थोडं समजून घ्या. सर्वज्ञ म्हणाले असते, तुम्हाला नाही कळणार. कळेल. असे प्रोग्रॅम सतत चालू नसतात. 'सर्व्हरलेस' म्हणतात त्यांना. हाक मारली की जागे होतात, बराच वेळ कुणी हाक मारली नाही की झोपतात. झोपेत असताना फोन आला तर उठायला वेळ लागतो. तो 'कोल्ड स्टार्ट'. तेवढा वेळ फोनवर नुसती शांतता.

निदान सर्वज्ञांच्या मते.

त्यांनी ट्रेस काढला. ट्रेस म्हणजे प्रोग्रॅमने कधी काय केलं, त्याचा आलेख. त्यात उठायचा वेळ अगदीच किरकोळ होता. लगेच बहिणीला फोन लावला.

"बघ. माणसाला जांभई द्यायला याहून जास्त वेळ लागतो."

"पण पेशंट तर खूप थांबतात."

"पेशंटांना घड्याळ कळतं का?"

बोलून गेले, पण मनात खुपत राहिलं. कारण तो आलेख प्रोग्रॅमच लिहितो. आणि लिहायला लागतो तो डोळे उघडल्यावर. त्याआधी किती वेळ लोळत होता, ते त्याला काय माहीत? दारुड्यालाच विचारायचं, किती प्यायलास, तशातली गत.

म्हणून सर्वज्ञांनी माप बाहेरून घ्यायचं ठरवलं. थेट टेलिफोनच्या लाइनवर, फोन जोडला जातो त्या क्षणापासून. प्रोग्रॅम झोपेपर्यंत वाट पाहिली. हेडफोन चढवला. दवाखान्याचा नंबर फिरवला.

फोन लागला.

शांतता.

सर्वज्ञांच्या चेहऱ्यावर ते नेहमीचं छद्मी हसू आलं.

आणि मग... चपला.

घरात घालायच्या चपला. फट्... फट्... लांबून जवळ येणाऱ्या.

"हॅलो?" बाईचा आवाज. वयस्कर. हातातलं काम टाकून आल्यासारखा. "थांबा हं. झोपलाय तो. उठवते."

चपला लांब गेल्या.

खूप आतून कुठूनतरी आवाज आला... "ऊठ रे. फोन आलाय. किती झोपशील?"

लगेच मशीन बोललं, "नमस्कार, मी आपली काय मदत करू?"

ट्रेसमधली पहिली रेघ बरोबर तिथून सुरू होत होती.

नव्या चहात बुडवलेलं बिस्कीट विरघळून गेलं. सर्वज्ञांना पत्ता नव्हता.

घाबरलो, असं ते कबूल करणार नाहीत. त्यांनी आधी ऑफिसातल्या दोघांवर चावटपणाचा आळ घेतला. मग टेलिफोनवाल्यांना शिव्या घातल्या. पण प्रोग्रॅम जागा असताना फोन केला, तर बाई नाही. झोपलेला असताना केला, तर... दर वेळी.

शेवटी त्यांनी टायमर लावला. प्रोग्रॅमला अधूनमधून उगाच हाक मारायची, म्हणजे त्याचा डोळाच लागणार नाही. झोप नाही, तर उठवणं नाही. उठवणं नाही, तर बाई नाही.

शनिवारी त्यांनी बहिणीला ऐटीत सांगितलं, "तुझ्या भुताला मी बेकार केलं."

"असं बोलू नये, दादा."

"का? महिनाभराची नोटीस द्यायला हवी होती?"

रविवार. भर दुपार. बायको माहेरी गेलेली. सर्वज्ञ सोफ्यावर बसले होते. बसले होते, आडवे झाले नव्हते. हे ते आजही चारचारदा सांगतात.

फोन वाजला. बहीण.

"बोल."

"हॅलो? दादा?"

"अगं, बोल ना."

"हॅलो... दादा, आवाज येत नाहीये..."

फट्... फट्...

आवाज फोनमधून येत नव्हता. स्वयंपाकघरातून येत होता.

चपला हॉलमध्ये आल्या. सोफ्याच्या मागे थांबल्या.

"हॅलो?" अगदी कानाशी. "थांबा हं. झोपलाय तो. उठवते."

"मी जागा आहे!" सर्वज्ञ ओरडले. "अगं, ऐकू नकोस तिचं, मी जागा आहे!"

खांद्यावर हात पडला. हलवलं.

"ऊठ रे."

"जागा आहे मी! जागा आहे!"

खांद्यावरचा हात निघाला.

मग बाई फोनवर म्हणाली... "उठत नाही हो."

हे शब्द बहिणीने स्वच्छ ऐकले. दादाचा मात्र एक शब्दही तिला ऐकू आला नव्हता. तिच्याकडे घराची किल्ली होती. ती धावत आली तेव्हा सर्वज्ञ सोफ्यावर बसलेले. फोन कानाला. डोळे सताड उघडे. तिने हाका मारल्या, गदागदा हलवलं, गालावर मारलं. काही नाही. नाडी मुंगीच्या पावलांनी चाललेली.

बऱ्याच वेळाने ते शुद्धीवर आले. आणि पहिलं वाक्य काय? "कधीचा ओरडतोय, बहिरी आहेस का?"

मोठ्या हॉस्पिटलात सगळ्या तपासण्या झाल्या. काही निघालं नाही.

टायमर सर्वज्ञांनी स्वतःच्या हाताने काढला. बहिणीने तातडीच्या फोनसाठी एक माणूस ठेवला, तेव्हा त्यांनी वाददेखील घातला नाही. ऑफिसात नाक गेलं ते गेलंच. मशीन आता फक्त नंबर लावतं आणि पुन्हा झोपतं. बाई परत आली आहे. पेशंटांची काही तक्रार नाही.

सर्वज्ञ हल्ली पहिल्या रिंगला फोन उचलतात. 'हॅलो' म्हणत नाहीत. "जागा आहे मी," म्हणतात. लोक हसतात.

बहिणीने एक गोष्ट त्यांना अजून सांगितलेली नाही. परवा तिने फोन केला. सवयीप्रमाणे ते म्हणाले, "जागा आहे मी." ती काही बोलणार, इतक्यात त्यांच्याच बाजूने त्या बाईने विचारलं...

"हो का?"