चित्र्याच्या खांद्यावरची हळद

निहूला कडेवर घेऊन गार्गी टेकडीच्या कुंपणाशी आली, तेव्हा चित्र्या रोजच्यासारखाच उतारावरून गवत कापत खाली येत होता. पाठीवरचा दिवा हिरवा होता. तरी तिची पावलं अडली. गवताचे शेंडे पांढरे दिसत होते. तिनं वाकून एक पातं खुडलं. ते कापलेलं नव्हतं, ओरबाडलेलं होतं. टोकाला चिंध्या लोंबत होत्या.

चित्र्या म्हणजे कॉलनीचं गवत कापायचं यंत्र. कोळशाचं वीजकेंद्र कधीच बंद पडलं, पण त्याच्या राखेच्या टेकड्या नागपूरच्या वेशीवर तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांच्यावर प्रयोगशाळेत घडवलेलं राखगवत पेरलं. त्याच्या मुळांनी राख घट्ट धरली आणि तिच्यातला पारा, आर्सेनिक वर पात्यांत ओढून घेतलं. अट एकच होती, त्याला तुरा येऊ द्यायचा नाही. तुरा उमलला, की परागांबरोबर ते सगळं विष वाऱ्यावर. म्हणून टेकडीगणिक एक यंत्र, दिवसभर कापणारं आणि कापलेलं पोटात साठवणारं.

निहूच्या छातीत आत्तापासूनच बारीक शिट्टी वाजत होती. तिच्या पाठीवरून हात फिरवत गार्गी ठवरेकाकांच्या दारात उभी राहिली. काका कॉलनीचे सचिव. बशीत चहा ओतत बसले होते.

"काका, चित्र्याचं काहीतरी बिनसलंय. शेंडे पांढरे पडलेत. वळताना थरथरतो, मागे गवताचा पट्टा तसाच सुटतो."

"दिवा हिरवा आहे नं? मग काहून जीव जाळून राहिली? त्याच्या खांद्यात कंपकान आहे. कापायचं पातं जरासं डुललं तरी त्याला ऐकू येते. तुझ्या डोळ्यांपेक्षा हुशार आहे तो."

तिनं यंत्राच्या कंपनीला फोन लावला. पलीकडचा संगणकी आवाज फार गोड होता. "आपलं यंत्र निरोगी आहे. हिरव्या दिव्यावर माणूस पाठवता येत नाही."

"माझी मुलगी दम्याची आहे हो."

"मुलीबद्दलची तक्रार या विभागात घेतली जात नाही."

दुपारपर्यंत चित्र्या दोनदा अर्ध्यातूनच चार्जिंगला परतला. त्याच्या अंगाला जळक्या रबराचा वास येत होता. निहूला शेजारच्या घरी निजवून गार्गी पुन्हा टेकडीवर गेली. सुटलेल्या पट्ट्यातलं एक फुगीर पातं तिनं नखानं चिरलं. आत तुरा दडलेला होता, ओल्या सुरवंटासारखा. उद्याचं ऊन लागलं की उमलणार.

तिनं काकांना हाताला धरून वर आणलं आणि चित्र्याचं बटण बंद केलं.

"दंड बसते बाई याचा."

"बसू दे. तुम्ही तिकडून धरा."

दोघांनी त्याला कुशीवर कलवलं. पात्याचा अंगठ्याएवढा लचका उडालेला होता आणि उरलेली धार चमच्याच्या कडेसारखी बोथट झाली होती.

"एवढं झालं," काका पुटपुटले, "अन् त्याच्या कानाला समजलंच नाही?"

गार्गीची नजर चित्र्याच्या खांद्यावर गेली. तिथे हळदीचा पिवळा ठसा होता, चिमुकल्या पंजाचा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे लोणी-हळदीनं मळतात. कॉलनीत बैल कुठले? म्हणून सगळ्यांनी हौसेनं चित्र्याचे खांदे मळले होते. निहूचा हात हळदीत बुडवून तिथं टेकवला होता. ठसा इतका गोड उमटला, की पावसानं जाऊ नये म्हणून काकांनी वरून पारदर्शक वॉर्निश मारलं. त्या तळहाताखाली बारीक जाळी होती. तोच चित्र्याचा कान.

"कान मीच बुजवला त्याचा," काका म्हणाले. गार्गीनं घराची किल्ली काढली आणि खरवडायला लागली. आधी करंगळी गेली. मग एकेक बोट. अंगठ्यापाशी तिचा हात जरा थांबला, पण तोही तिनं काढला, मग तळहात. काकांनी चित्र्याला क्षणभर चालू केलं. दिवा लाल झाला आणि इतके दिवस कोंडलेला भोंगा टेकडीभर घुमला.

कंपनी आता लगेच ऐकायला तयार झाली. नवं पातं मात्र परवा मिळणार होतं.

मग ज्याच्या घरात जे होतं ते बाहेर आलं. विळे, कोयते, शिवणाच्या कात्र्या. तोंडाला ओली फडकी बांधून माणसं उतारावर ओणवी झाली. काका गुडघ्यांवर रांगत तुरे पोत्यात भरत होते. खाली शेजारच्या बंद खिडकीत निहू जागी होऊन उभी होती. तिच्या श्वासानं काच धुरकट व्हायची आणि ती त्यावर हात टेकवायची.

दिवस कलला तेव्हा निम्मी टेकडी कापून झाली होती. पाठ सरळ करायला गार्गी उभी राहिली. काचेवर उमटलेला पंजा तिला इथूनही दिसला आणि चित्र्याच्या खांद्यावरचा ठसा आठवला. त्या ठशाचा फोटो तिनंच कौतुकानं सगळीकडे पाठवला होता.

तिनं पलीकडच्या टेकडीखाली राहणाऱ्या मैत्रिणीला फोन लावला.

"स्वप्ना, तुमच्या यंत्राचा दिवा कसा आहे?"

"हिरवागार. काहून गं?"

"त्याचे खांदे मळले होते का पोळ्याला?"

"मळले म्हणजे काय, निहूचा ठसा पाहून आमच्या पोरांनी ऐकलंच नाही. सगळ्याच कॉलन्यांनी केलं, वॉर्निशसकट. तुझी पोरगी भलतीच फेमस झाली."

गार्गीनं वर पाहिलं. टेकड्यांची रांग दूरवर गेली होती आणि प्रत्येकीवर एक हिरवा ठिपका सावकाश फिरत होता. वारा तिकडून इकडे वाहत होता.

"स्वप्ना, आत्ताच्या आत्ता बाहेर जा," ती म्हणाली. "आणि मला सांग, तुमच्या गवताचे शेंडे कोणत्या रंगाचे आहेत?"