तिसरं वचन

सौरव, तो मोबाईल ठेव आधी खाली. ऋतिका, तू बी जरा हिकडं सरक, दारातनं गार वारा येतोय. ही गोष्ट माझी न्हाय, आमच्या भरमाची. हितला, कडोलीचाच. दवाखान्याच्या खाटा भाड्यानं देणाऱ्या दुकानाचा टेम्पो चालवायचा. खोटं बोलायचं त्याला जमतच न्हाय, म्हणून सांगतो.

चोवीस सालातली गोष्ट. त्रिपुरी पौर्णिमेची आदली रात्र, गुरुवार, पावणेआठ. बेळगावात कॅम्पात एका घरातनं खाट परत आणायला भरमा गेलता. घर प्रेमानंदचं. त्याची आई जयाबाई जाऊन आठवडा झालता.

आता हा प्रेमानंद कोण, ते ऐका. ख्रिस्ती घर. रोज संध्याकाळी प्रार्थना. त्यांच्यात शास्त्रातला त्या त्या दिवसाचा धडा ठरलेला असतो. सगळ्यांनी बसायचं, एकानं एक वचन वाचायचं, पुढचं दुसऱ्यानं, असं पाळीपाळीनं. मग घरातला मोठा त्यावर मनन सांगतो. लई चांगला नेम हाय. घरातल्या प्रत्येकाचा आवाज दिवसातनं एकदा तरी सगळ्यांच्या कानावर पडतोय. पण हा बाबा ते सगळं मोबाईलवर रेकॉर्ड करून सातशे माणसांना धाडायचा. आवाज कसा, तर साखरेच्या पाकात घोळलेला. माया, सेवा, क्षमा. आन् आतल्या खोलीत आई दीड वर्ष खाटेवर कुजत व्हती.

व्हय, कुजतच. दुसरा शब्द न्हाय त्याला.

ती जायच्या महिनाभर आधी खाटेची डोक्याकडची बाजू वर-खाली करायचा स्क्रू अडकला म्हणून भरमा तिथं गेलता. म्हातारीच्या पाठीला हातभर जखम. पू चादरीला चिकटून वाळलेला. कडेनं मुंग्या. खोलीत फिनेलचा वास आन् त्याच्याखाली तो दुसरा वास. सून सुविधा नाकाला पदर लावून स्क्रू दाखवून गेली ती गेलीच. पण भरमाला खरी किळस आली ती पुढं.

हॉलात धडा सुरू झाला. पहिलं वचन प्रेमानंदनं वाचलं, दुसरं सुविधानं. तिसरं म्हातारीचं. पहिल्यापासनं तिसरी पाळी तिचीच. तिनं मान उचलली, ओठ ओले केले.

"थांब रे बाळा, माझी पाळी…"

प्रेमानंद उठून दारापर्यंत आला. "आईचं कण्हणं रेकॉर्डिंगमध्ये येतंय हो," भरमाला म्हणाला. हसत. दार ओढून घेतलं, आन् तिसरं वचन स्वतःच वाचून टाकलं.

म्हातारी भरमाकडं बघत म्हणाली, "दिवसातनं तेवढंच बोलत होते रे मी. तेवढं पण घेतलं."

थू! सांगताना अजून तोंड कडू होतंय माझं. त्या दिवशीचं त्याचं मनन कशावर व्हतं ठाऊक हाय? आईबापाच्या सेवेवर.

"मग त्या रात्री काय झालं, आण्णा?"

सांगतो की, ऋतिका. भरमा खाट न्यायला पोचला, तर हे दोघं धड्याला बसलेले. "पाच मिनिटं थांबा," प्रेमानंद म्हणाला, "प्रार्थना आटपू दे." भरमा खुर्चीवर टेकला. आतल्या खोलीचं दार बंद. गादी आधीच टाकून दिलेली. मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू.

पहिलं वचन प्रेमानंदनं वाचलं. दुसरं सुविधानं. तिसऱ्याला प्रेमानंदनं तोंड उघडलं.

आवाज आला न्हाय.

ओठ हालत व्हते. मानेच्या शिरा फुगल्या. पण आवाज न्हाय. खोकला. पाणी प्याला. परत सुरू केलं… न्हाय.

"चौथं वाचा," सुविधा हळूच म्हणाली.

त्यानं चौथं वाचलं. खणखणीत. हट्टानं परत तिसऱ्यावर आला…

न्हाय.

आन् बंद दाराआड…

कर्र.

भरमानं ओळखलं. खाटेचा स्क्रू. डोक्याकडची बाजू वर चढताना तसा वाजायचा.

कर्र… कर्र…

हळू. एकेक फेरा. मग थांबला.

तो वास आला. फिनेल न्हाय. नुसता तो. घड्याळ टिकटिकत व्हतं. थकलेल्या माणसाला एक वचन वाचायला जेवढा वेळ लागतोय, तेवढा वेळ…

मग वास गेला.

भरमानं दार ढकललं. उघडी लोखंडी खाट. डोक्याकडची बाजू वर. माणूस न्हाय.

मागं वळला तर प्रेमानंद मांडीवरच्या पुस्तकाकडं बघत बसलेला. तिसऱ्या वचनाच्या खाली पिवळट, ओली रेघ. ओळीच्या सुरुवातीपासनं शेवटापर्यंत. कुणी बोट फिरवत वाचावं तशी. प्रेमानंदनं ती अंगठ्यानं पुसली. अंगठा नाकाशी नेला. आन् तिथंच भडाभडा ओकला. पुस्तकावर, मोबाईलवर. दीड वर्षात आईच्या चादरीला ज्यानं हात लावला न्हाय, तो…

भरमानं खाट तिथंच सोडली आन् पळाला.

पंधरा दिवसांनी सुविधा दुकानात आली. "खाट घेऊन जावा हो," म्हणून रडायला लागली. "ते पुस्तक पुरलं आम्ही. नवं आणलं. आता तिसरं वचन कुणी वाचत नाही. त्या जागी गप्प थांबतो दोघं. तरी…"

पिशवीतनं नवं पुस्तक काढलं. रुमालात धरलेलं. भरमानं त्या दिवसाचं पान उघडलं आन् तिसऱ्या वचनाखाली बोट लावलं.

ओलं व्हतं.